यादीतलं चौथं घर

मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेतली तरी मध्ये तीनदा उठते. दाराशी जाते, परत येते, पुन्हा उठते. सुना म्हणतात, सासूबाईंच्या पायाला भिंगरी आहे. म्हणू देत बापड्या. वयानं शांत होतात म्हणे माणसं. माझं उलटंच झालं. हात रिकामे झाले आणि डोकं चालायला लागलं, आणि ते फिरून फिरून त्याच एका घरापाशी जातं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव पवनेच्या काठी, पिंपरीहून पायी अर्ध्या तासावर. पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू होऊन काही वर्षं झाली होती, तिकडे देहूरोडला लष्कराचं काम चालूच होतं. गावात रोज एखादा नवा चेहरा दिसायचा. नगरचा, बीडचा, साताऱ्याचा, कोणी थेट कोकणातून आलेला. खोली आहे का खोली, म्हणून दारोदार विचारत फिरायचे. ज्याच्याकडे गोठा रिकामा, त्यानं तो सारवून भाड्यानं दिला. आणि त्याच गावात सात घरं नुसती पडून होती. मालक कधीचे मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. छपरं बसलेली, भिंतींना पोटं सुटलेली, आत घाणेरी माजलेली. कुत्री तिथं व्यायची, साप तिथून निघायचे, आणि सकाळी लोक टमरेल घेऊन तिकडेच वळायचे. त्या वासानं जीव नकोसा व्हायचा.

तेवढ्यात नवा कायदा आला. ग्रामपंचायतीत दोन बायका घ्यायलाच हव्यात. सरपंच आमच्या घरी आले आणि ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याला विचारू लागले. नवरा म्हणाला, "मला काय विचारता? तिला विचारा." मी आतूनच ओरडले, "येते म्हणावं!" मी सातवी पास होते, माहेर खेडचं, आणि तोंडाचा पट्टा तर माहेरूनच घेऊन आले होते. दुसरी बाई सरपंचांची चुलती. ती कधी आलीच नाही. तिचा अंगठा शिपाई घरी जाऊन घेऊन यायचा.

पहिल्याच बैठकीत मी पडीक घरांचा विषय काढला. पुरुष सतरंजीवर, मी दाराजवळ एका स्टुलावर. विषय काढण्याला कारणही होतं. माझी धाकटी मुलगी शाळेला ज्या बोळातून जायची, तिथल्या घराच्या भिंतीचा दगड आदल्या आठवड्यात तिच्यापासून हातभरावर पडला होता. मी म्हटलं, "एखादं पोर चेंगरल्यावर ठराव करणार का तुम्ही?" सगळे गप्प झाले. मला फार बरं वाटलं. आपण बोललो आणि दहा पुरुष गप्प झाले, ही चव एकदा लागली की सुटत नाही.

पंचायतीचा सेक्रेटरी पुण्याकडचा, तिशीचा, चष्मेवाला. त्याच्याकडे कायद्याचं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं की घर मोडकळीला आलं आणि कोणी राहत नसलं, तर मालकाला नोटीस द्यावी, दुरुस्त कर म्हणावं. नाही केलं तर पंचायतीनं पाडावं. पण घरात कोणी राहत नाही हे ठरवायचं कसं, ते पुस्तकात नव्हतं. ते गावाकडे होतं. गावाची जुनी रीत होती, धूर बघण्याची. आमचं गाव नदीकडे उतरत गेलेलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर उभं राहिलं की सगळी छपरं एका नजरेत येतात. लागोपाठ तीन दिवस दिवेलागणीला तिथं उभं राहायचं. ज्या कौलांतून तिन्ही दिवस धूर निघाला नाही, ते घर यादीत. मग पंचांनी आत जाऊन चूल बघायची आणि पंचनामा करायचा.

आम्ही तीन दिवस उभे राहिलो. सरपंच, सेक्रेटरी, एक जुने सभासद आणि मी. येणारे-जाणारे बघायचे आणि हसायचे. बाई पुरुषांत उभी राहून धूर मोजते! मी पदर खोचून आणखी ताठ उभी राहायची. सात घरं निघाली. बोळातलं ते घर यादीत चौथं होतं.

चौथ्या घराला पुढून कुलूप, गंजून लाल झालेलं. बाजूची भिंत कंबरेपर्यंत ढासळली होती, तिथून आम्ही आत उतरलो. माजघरात चूल होती. सरपंच मला म्हणाले, "वैनी, चुलीचं बायकांस्नी कळतं. तुमी बघा, आमी लिवून घेतो." मी खाली बसले, राखेत मनगटापर्यंत हात घातला. पावसाचं पाणी पडून पडून राख ढेकळासारखी घट्ट झाली होती. चुलीच्या बाजूच्या वैलावर कोळ्याचं जाळं. मी उठले, हात झटकले आणि म्हटलं, "ही चूल मेलेली आहे."

माजघराच्या मागच्या भिंतीला एक दार होतं, पलीकडून लावलेलं. सेक्रेटरीनं जरा ढकलून बघितलं. सरपंच म्हणाले, "मागं पडवी हाय, ती बी पडली आसंल. चला, ऊन लई झालं." शेजारच्या म्हाताऱ्याला बोलावलं. सेक्रेटरीनं त्याला रीतसर विचारलं, "या घरात चूल पेटते का?" म्हातारा म्हणाला, "न्हाई बा. तीन सालं झाली, पेटली न्हाई." झालं. मी सही केली. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं वळणदार. बाकीच्यांच्या सह्या म्हणजे कोंबडीचे पाय. माझी बघून सेक्रेटरीसुद्धा "वा" म्हणाला.

दारावर नोटीस डकवली. कणकेच्या खळीनं डकवली, आणि दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी ती खाऊन टाकली. पुन्हा डकवली, पुन्हा खाल्ली. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसला, कारण नोटीस पंधरा दिवस दारावर राहायला हवी असा नियम. मी म्हटलं, मी जाता-येता बघत जाईन. आणि खरंच जात होते. दुपारी कामं उरकली की पायात वहाणा घालायच्या आणि त्या बोळात एक चक्कर टाकायची.

अशीच एकदा दुपार कलल्यावर गेले. नोटीस जागेवर होती. वळणार तेवढ्यात वास आला. लसणाची फोडणी! आणि त्या वासाखाली रॉकेलचा वास. मी जागच्या जागी उभी. पडक्या घरातून फोडणी कुठून येईल? बोळाला वळसा घालून, उकिरडा ओलांडून, निवडुंगाच्या कुंपणातून वाट काढत मागे गेले. साडी दोन ठिकाणी फाटली.

पडवी पडलेली नव्हती. जमीन छान सारवलेली, कोपऱ्यात दोन पितळी डबे घासून लख्ख ठेवलेले, दोरीवर एक लुगडं वाळत घातलेलं. मध्ये वातीचा स्टो, त्यावर पातेली. पंपाचा नव्हे हो, पंपाचा स्टो आवाज करतो, वातीचा, मुका. त्याच्यापुढे तिशीची एक बाई बसलेली, आणि भिंतीला टेकून सहा-सात वर्षांची मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत होती.

"या बाई, बसा," ती म्हणाली. जशी काही मी हळदीकुंकवाला आलेय!

मी बसले नाही. "तू कोण? कुणाच्या परवानगीनं राहतेस इथं?"

तिनं आधी वात बारीक केली, मग बोलली. "कुनाच्याच न्हाई."

आता या उत्तरावर काय बोलायचं? खोटं बोलली असती, रडली असती, पाया पडली असती, तर मला पुढचं सुचलं असतं. मग तिनंच सांगितलं, नावगावासकट. नगरकडची होती. नवरा दुसरीला घेऊन गेला होता, कुठं ते ठाऊक नाही. ती कारखान्यात बाटल्या धुवायला जायची, सकाळच्या शिफ्टला. हंगामी होती. दिवाळीला कायम करू म्हणाले होते. कायम झाली की तिच्यासोबतच्या दोन बायका मिळून एक खोली घेणार होत्या.

"मग आत्ताच का नाही घेत खोली? गावात गोठेसुद्धा भाड्यानं देतायत लोक."

"एकट्या बाईला खोली कोन देतंय, बाई? आधी इचारत्यात नवरा कुठं हाय. मग म्हनत्यात, घरात इचारून सांगतो."

मी म्हटलं, "अगं, पण चूल? आम्ही चूल बघितली..."

"मी चूल पेटवतच न्हाई. धूर दिसला की गाव येतंय. म्हून स्टो घेतला." आणि जरा थांबून म्हणाली, "तुमी देवळापाशी हुभं ऱ्हायलात न्हवं तीन दिस? मी बघत हुते की हितनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही तिला शोधत होतो आणि ही बया आम्हालाच बघत बसली होती! "अगं, मी सही केलीय! हे घर रिकामं आहे म्हणून पंचनाम्यावर सही केलीय मी!"

"मंग बरंच हाय की," ती शांतपणे म्हणाली. "रिकामं म्हनलं की कुनी येत न्हाई."

"पाडतील ना घर!"

"पाडू म्हनत्यात. गेल्या साली बी म्हनत हुते. पाडायला गडी कुठं हायत? समदे कारखान्यात." हे अगदी खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "बाई, एक करा. दिवाळीपोतर कुटं लिवू नका. मी हाय म्हून बी नगं आन न्हाई म्हून बी नगं. पोरगी आत्ताच कुटं शाळंला रुळलीया. एवढे दोन म्हैने निघू द्या."

मी निघाले. येताना शेजारच्या म्हाताऱ्याला ओट्यावरच गाठलं. "काका, तुम्हाला ठाऊक होतं ना? मागे बाई राहते ते?"

"व्हय."

"मग पंचांना खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुटं? तुमी चुलीचं इचारलं, मी चुलीचं सांगितलं." आणि तो तंबाखू मळायला लागला.

त्यानंतरचे आठ दिवस मी नुसती घरात फेऱ्या मारल्या. भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, मुलींना उगाच धपाटे बसले. माझी सही खोटी होती. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर माझ्या सहीला किंमत आली होती आणि तीच खोटी. तिची भिंतही डोळ्यांसमोर यायची, नाही असं नाही. एखाद्या पावसात ती भिंत कोसळली आणि मायलेकी खाली सापडल्या तर? किंवा खरंच गडी मिळाले, पंचायतीनं घर पाडायला घेतलं आणि आत ही? मी स्वतःला हेच सांगत होते की मला तिची काळजी आहे. होतीही. पण आज इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? सहीची जास्त होती. उद्या कोणाला कळलं तर दहा पुरुष हसतील, म्हणतील, घ्या, आणा बायकांना पंचायतीत, यांना चूल पण कळत नाही. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "दिवाळी काय, दोन महिन्यांवर आलीय. राहू दे की तिला." एवढंच. पुन्हा वाटीतली आमटी ओरपायला लागला. मला वाटलं, या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, "चौथ्या घराच्या पंचनाम्यावर मी सही केली ती चुकीची आहे. त्या घरात माणूस राहतं. बाई आहे, लेकरू आहे. ती स्टोवर रांधते म्हणून धूर दिसला नाही. माझी सही मी मागे घेते."

कोणी हसलं नाही. जुने सभासद म्हणाले, "चूक कबूल करायला छाती लागती, वैनी." सरपंच म्हणाले, "आजवर पंचायतीत असं कुनी हुभं ऱ्हाऊन म्हनलं न्हाई." मी हवेत! सेक्रेटरीनं घरांची वही काढली. त्या वहीत प्रत्येक घरापुढे दोन रकाने असायचे, एक मालकाचा आणि एक भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष कोण राहतं त्याचा. चौथ्या घरापुढचा दुसरा रकाना कोरा होता. त्यानं टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "नाव काय बाईंचं?"

मी सांगितलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. एकेक अक्षर नीट सांगितलं, चुकू नये म्हणून. मग तो म्हणाला की नोंदीत बदल झाला की मालकाला टपालानं नक्कल पाठवावी लागते. मी म्हटलं, पाठवा की.

आणि तशीच उठून तिच्याकडे गेले, आनंदाची बातमी द्यायला. ती तांदूळ धूत होती. मी म्हटलं, "आता तुला विचारल्याशिवाय कोणी घराला हात लावू शकत नाही. तुझं नाव लागलं."

तिचे हात पाण्यातच राहिले. "माजं नाव लिवलं?"

"हो."

"कागदावर?"

"वहीत. शाईनं."

"मालकाला कळंल का?"

"नक्कल जाते त्याला. नियमच आहे तसा."

तिनं तांदळाचं पाणी सावकाश ओतलं, पातेलं बाजूला ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. तिनं आभार मानावेत, निदान हसावं तरी, अशी माझी अपेक्षा होती. मला तिचा रागच आला. मी म्हटलं, "खरं लिहिल्यानं कुणाचं वाईट होत नसतं." हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण ते म्हणताना माझा आवाज फार छान लागला होता.

मालक दहाव्या दिवशी आला. घर पडीक आहे, पाडू, अशा दोन नोटिसा त्याला आधी गेल्या होत्या. त्यानं त्यांना उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. पडक्या दगडमातीसाठी गिरणीतली रजा कोण खर्च करणार? पण घरापुढे दुसऱ्या कोणाचं नाव लागलंय म्हटल्यावर पहिल्या गाडीनं आला. बरोबर दोन चुलतभाऊ. त्या दिवसांत कूळकायद्यानं सगळ्यांची झोप उडवली होती. जमिनीवर दुसऱ्याचं नाव लागलं की जमीन गेली, एवढंच लोकांना कळलेलं. शेताचा कायदा घराला लागतो की नाही, हे कोण बघत बसतंय? नाव लागलं ना, मग गेलं.

माणूस वाईट नव्हता. चावडीवर हात जोडून उभा राहिला. "वहिनी, घर माझं आहे का नाही, एवढंच सांगा."

मी म्हटलं, "आहे. पण दिवाळीपर्यंत राहू द्या तिला. ती आपणहून जाणार आहे."

"आज दिवाळी म्हणाल, उद्या शिमगा. नाव नसतं तर मी म्हणालो असतो, राहा बाई, पडकंच आहे. पण आता वहीत नाव आहे. उद्या ती कोर्टात उभी राहिली तर? माझी दोन पोरं आहेत, वहिनी."

मी सरपंचांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. जुने सभासद जमिनीकडे बघत होते. तिथं बसलेल्यांतला प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या नावाला घाबरलेला होता. शेवटी सरपंच म्हणाले, "पंचायतीचं काम येवढंच, की घर पडीक ऱ्हाऊ नये." मालकानं लेखी दिलं की महिन्याच्या आत भिंत बांधतो, कौलं घालतो आणि कारखान्यातल्या चार माणसांना भाड्यानं देतो. सेक्रेटरीनं यादीतल्या चौथ्या घरावर काट मारली. एकही दगड न पाडता निकाली निघालेलं ते पहिलं घर. तो खूश होता. मला म्हणाला, "तुमच्यामुळे झालं हे." टोमणा नव्हता तो. खरंच कौतुकानं म्हणाला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिला चार दिवस दिले. त्या चार दिवसांत मी बोळाकडे फिरकले नाही. पाय वळायचे आणि मी त्यांना दुसरीकडे न्यायचे. नदीवर जायचे, देवळात जायचे, उगाच कोणाच्या तरी घरी जाऊन बसायचे आणि लगेच उठायचे.

चौथ्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात आली. मुलीला बरोबर आणलं नव्हतं. पायरीखालीच उभी राहिली. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घालाव्यात असं वाटत होतं. मी तयारीनं उभी होते.

ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडं एखादी खोली हाय का वो? दिवाळीपोतर. भाडं देईन."

आमच्या परसात खोली होती. चांगली दगडी, पत्र्याची, बाहेरून दार असलेली. त्यात कांदे पसरले होते आणि एक मोडकी बाज होती. अर्ध्या तासात मोकळी झाली असती. तिनं ती येताना बघितलीही असेल, परसाचं दार उघडंच होतं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं? एकटी बाई. नवऱ्यानं टाकलेली. आपल्या परसात. लोक काय म्हणतील, की हिनं पंचायतीत त्या बाईचं नाव का लावलं ते आत्ता कळलं. आणि घरात पुरुषमाणूस आहे.

मी म्हटलं, "घरात विचारून सांगते."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं बघितलं. "बरं," म्हणाली आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकानं पडवीला कुलूप लावलं. ती देहूरोडकडे गेली असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं तळेगावला. मुलीचं नाव शाळेच्या हजेरीपटावर महिनाभर होतं, मग मास्तरांनी काढून टाकलं. दिवाळीला ती कायम झाली की नाही, ते मला कधीच कळलं नाही. विचारायचं झालं असतं तर कारखान्यात आमच्या गावची कितीतरी माणसं होती. मी विचारलं नाही.

पंचायतीत मी आणखी तीन वर्षं होते. खूप बोलले, खूप सह्या केल्या. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे, कुणाला विचारत नाही, कुणाला भीत नाही. माझा नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परसातल्या खोलीचं मी त्याला त्या दिवशी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि हे मला दारात उभी असतानाही माहीत होतं.